काय कळलं ते सांगा

शेवगावातल्या एका डॉक्टरांना मी घामाघूम झालेलं पाहिलं आहे, आणि तेही पंख्याखाली बसलेले असताना. समोर पेशंट म्हणून आमच्या घरमालकीणबाई होत्या. त्यांनी आपलं गुडघ्याचं दुखणं साग्रसंगीत सांगितलं. कुठून निघतं, कुठवर जातं, जिना चढताना जास्त की उतरताना, थंडीत काय होतं आणि एकादशीला काय होतं. डॉक्टर मान हलवत होते आणि हलवता हलवता चिठ्ठी लिहीत होते. बाईंनी त्यांचा हात धरला. पेनासकट.

"डॉक्टरसाहेब, मी काय सांगितलं ते सांगा आधी."

"अहो बाई, गुडघा दुखतोय तुमचा."

"कंचा?"

डॉक्टरांनी बाईंच्या दोन्ही गुडघ्यांकडे पाहिलं. साडीखाली दोन्ही सारखेच दिसत होते. दाराबाहेर बाकावर गर्दी खोकत होती. शेवटी त्यांनी पेन खाली ठेवलं, कपाळ पुसलं आणि म्हणाले, "सांगा पुन्हा."

बाहेर पडल्यावर बाई म्हणाल्या, "माणूस गुणाचा हाय. मान हलवायची खोड तेवढी वाईट. मान हलवणाऱ्याला काय बी कळलेलं नसतं बये, त्याला फकस्त तुझं बोलणं संपवायचं असतं. आता मी काय म्हणाले ते सांग."

मी सांगितलं. सांगितल्याशिवाय त्या रस्ता ओलांडू देत नसत.

बाई टेलिफोन ऑपरेटर होत्या. जिल्ह्यातल्या एका लहानशा एक्स्चेंजमध्ये, फोन उचलला की आधी बाईच्या आवाजात "बोला" ऐकू यायचं त्या काळात. तुम्ही नंबर सांगायचा, मग बाई समोरच्या पाटीतल्या एका भोकातली दोरी दुसऱ्या भोकात खुपसणार आणि तुमचं गाव दुसऱ्या गावाला जोडलं जाणार. ती पाटी भंगारात गेली, एक्स्चेंज आपोआप चालू लागलं, बाई निवृत्त झाल्या, पण जोडणं सुटलं नाही. कोणी दारात आलं की त्या "या" म्हणत नसत, "बोला" म्हणत. माडीवरून मला हाक मारायची झाली तर आलेल्या माणसाला सांगत, "थांबा, जोडते." चहासुद्धा त्या करत नसत, जोडत. ऐकताना उजवा तळवा कानावर आणि नजर भिंतीवर, जणू तिथे अजून दिवे लागणार आहेत. आणखी एक गंमत होती. समोरासमोर बोलताना त्या अस्सल आमच्या भागातलं बोलत. फोन हातात घेतला की तीच बाई अशी शुद्ध आणि ठणठणीत मराठी बोलू लागे की पलीकडचा माणूस बसला असेल तर उठून उभा राहावा.

आणि दूधवाला! दूधवाल्याला रोज सकाळी फाटकाशी उभं राहून परत सांगावं लागे. "आज अर्धा लिटर गाईचं, उद्या पाहुणे हायेत म्हणून एक लिटर, परवा न्हाई." शाळेत प्रतिज्ञा म्हणतात तशा सुरात तो म्हणायचा. शेवटी शेवटी त्याचा हातही आपोआप पुढे यायचा.

या खोडीला एक जन्मकथा होती. ती बाई कोणालाही, केव्हाही सांगत. दोन व्याह्यांचा फोन त्यांनीच जोडून दिला होता. साखरपुडा ठरत होता. लाईन साफ होती, दोघंही घसा फोडून बोलले, सुपारीपासून आहेरापर्यंत सगळं बोलले. शेवटी एक म्हणाला, "बरं मग, येतो आम्ही." दुसराही म्हणाला, "बरं मग, येतो आम्ही." दोघांनी खूश होऊन फोन ठेवला. ठरल्या दिवशी दोन्ही घरची मंडळी नटूनथटून निघाली आणि एकमेकांच्या गावात, एकमेकांच्या कुलूपबंद दारासमोर पेढ्यांचे पुडे मांडीवर घेऊन बसली. दोघांनाही वाटलं, अपमान झाला. लग्न मोडता मोडता राहिलं.

"एकानं जरी कमी बोललं असतं ना, तर त्याला शंका आली असती," बाई म्हणायच्या. "दोघंबी लई बोलले. म्हणून दोघांना वाटलं, ठरलं."

त्या दिवसानंतर बाई दुसऱ्यांच्या फोनमध्ये घुसू लागल्या. "एक मिनिट. पाहुणे, आपल्याला काय कळलं ते सांगा. मगच लाईन तोडते." लोक चिडले. वरून मेमो आला. बाई मेमो घेऊन साहेबांपुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "यात काय लिहिलंय ते मी सांगू का तुम्ही सांगताय?" त्यांचा नियम त्यांनी आयुष्यभर चालवला: बोलणाऱ्याने फोन ठेवायचा नाही. ऐकणाऱ्याने काय ऐकलं ते परत सांगायचं, आणि मग त्यानेच ठेवायचा.

मी त्यांच्या माडीवर राहायला आले ती तिथल्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला. पहिल्याच दिवशी त्यांनी मला फाटकाची कडी, पाण्याची वेळ आणि गच्चीवरच्या पापडांचा कायदा सांगितला आणि म्हणाल्या, "आता सांग." मी भडकले. "मी तुमची नोकर नाही, भाडेकरू आहे."

"नोकराला हुकूम सोडत्यात आन् तोंड फिरवत्यात," त्या शांतपणे म्हणाल्या. "माणसाला इचारत्यात, कळलं का म्हणून. सांग."

मी मुकाट्याने सांगितलं, आणि हे माझ्या बाबतीत सहसा घडत नाही. आमच्या घरात उत्तरांची कमतरता नव्हती. माझे वडील चळवळीतले. घरात पलंग एक आणि पत्रकांचे गठ्ठे अनेक, त्यामुळे आम्ही भावंडं गठ्ठ्यांवर झोपलो. अक्षरओळख मला "बंधूंनो आणि भगिनींनो" पासून झाली. उद्गारचिन्ह मी पूर्णविरामाच्या आधी शिकले. अन्याय दिसला की पत्रक काढायचं, चौकात वाटायचं, संध्याकाळी हात रिकामे झाले की काम झालं, हा आमचा घरगुती धर्म होता. मी तो अजून सोडलेला नाही. वसतिगृहाच्या प्रश्नावरचं आमचं एक पत्रक मी बाईंना मोठ्या अभिमानाने वाचायला दिलं. त्यांनी ओळ न् ओळ वाचलं.

"झकास लिवलंय. कुणाला कळलं?"

"कुणाला म्हणजे? बाजाराच्या दिवशी चौकात वाटली. सगळी संपली!"

"संपली म्हंजी पोचली व्हय? भेळवाल्याकडं बी कागद रोज संपतो."

दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी खालून हाक मारली, "लाईन तुटलीय का राग आलाय?"

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे आमची अभ्यासिका.

पैठण रस्त्यावरच्या एका गावात आम्ही काही पोरापोरींनी मिळून मुलींसाठी अभ्यासाची खोली करायचं ठरवलं होतं. पोरीला शिकवा म्हणायचं आणि तिला बसायला सहा फूट जागा द्यायची नाही, हा ढोंगीपणा आहे, असं मी तेव्हा लिहिलं होतं आणि आजही लिहीन. गावातली रोहिणी बारावीला होती. घर दोन खोल्यांचं, त्यात टीव्ही, त्यात चुलतभाऊ, त्यात शेळीची करडं. म्हणून ती एसटीच्या निवाऱ्यात बसून अभ्यास करायची. तिथं पुरुष तंबाखू मळत तिला विचारायचे, "कुठं निघालीस गं?" ती म्हणायची, "डॉक्टर व्हायला." बस चुकलेल्या माणसाला पुढची बस कधी, हे कंडक्टरपेक्षा तिला पक्कं माहीत असायचं.

सरपंचबाईंनी जुन्या गुरांच्या दवाखान्याची रिकामी खोली आम्हाला देऊ केली, पण एका अटीवर. पुढच्या ग्रामसभेला खोली चालू स्थितीत दिसली पाहिजे. नाहीतर ती तरुण मंडळाला जाणार; ते आधीपासून मागत होते, ढोल ठेवायला. ढोलांना छप्पर मिळणार आणि रोहिणी निवाऱ्यात बसणार! माझं रक्त उसळलं. आमचं सगळ्यांचंच उसळलं.

आमच्या गटाचं एक तत्त्व होतं: इथे कोणी पुढारी नाही. हुकूम देणारे गावात भरपूर आहेत, आपल्यात सगळे सारखे. ज्याला जे काम दिसेल ते त्याने करायचं. संतोष गवंडीकाम जाणणारा आणि उत्साहाने उतू जाणारा. विकास वायरमन, अबोल. संतोषने मोबाईलवरच्या ग्रुपवर टाकलं, "रविवारी सगळ्यांनी यायचं. खोली पूर्ण करायची!" खाली अंगठ्यांची आणि आवळलेल्या मुठींची रांग लागली. मीही दोन मुठी टाकल्या.

रविवारी सगळे आले. एकही जण चुकला नाही, हे आधी सांगते, कारण पुढचं ऐकून कोणाला वाटेल की पोरं आळशी होती. आळशी असती तर इतकं वाटोळं झालं नसतं.

आपल्याकडे नव्या जागेत कोणी रिकाम्या हाताने जात नाही. प्रत्येकाच्या मनात आलं, टेबल-खुर्ची, दिवा, फळी ही मुख्य कामं कोणीतरी बघतच असेल; आपण आपल्याकडून शोभेचं काहीतरी नेऊ. आणि शोभेचं म्हणजे काय, हे आपल्या जिल्ह्यात सांगावं लागत नाही. महापुरुषांची तसबीर किंवा भिंतीवरचं घड्याळ. दुपारपर्यंत त्या खोलीत दोन्ही हातांच्या बोटांवर मोजाव्यात इतक्या तसबिरी आणि चार घड्याळं जमा झाली. खुर्ची एकही नाही. दिवा नाही. तसबिरी बहुतेक त्याच त्या महापुरुषांच्या, खाली देणाऱ्याचं नाव मोठ्या अक्षरात. कोणाची उतरवायची? उतरवली तर अपमान देणाऱ्याचा की महापुरुषांचा? पुस्तकांच्या फळीसाठी धरलेल्या भिंतीवर वीतभर जागा राहिली नाही. चार घड्याळं चार वेगळ्या वेळा दाखवत होती.

यापेक्षा मोठा अनर्थ आधीच होऊन गेला होता. विकासने शनिवारी येऊन, कोणाला न सांगता, वायरी दाबण्यासाठी भिंतींत छिन्नीने छान सरळ खोबणी पाडून ठेवल्या होत्या. संतोष रविवारी पहाटेच आला. भिंतींचे असे हाल पाहून त्याला भडभडून आलं. त्याने मायेने, एकट्याने, सगळ्या खोबणी सिमेंटने बुजवल्या आणि वर चुना मारला. विकास वायरींची भेंडोळी खांद्यावर टाकून आला आणि डॉक्टर छाती वाजवतात तशी बोटांनी भिंत वाजवत खोलीभर फिरू लागला.

"काय शोधतोय रं?" संतोष म्हणाला.

"माझं कालचं काम."

"कसलं काम?"

"हितं हुतं. भिंतीत."

मग संतोषला कळलं, आणि आपण जिंकत असलेल्या युद्धात आपल्याच माणसाला गोळी घातल्यासारखा त्याचा चेहरा झाला. पण चेहरा फार वेळ तसा टिकत नाही, लगेच तोंड सुरू होतं. "सांगता येत न्हाई का तुला?" "इचारता येत न्हाई का तुला?" "मुकाच हायेस!" "तू भोंगा हायेस!" संध्याकाळपर्यंत ग्रुपमधून एकेक जण बाहेर पडला. तसबिरींतले महापुरुष तेवढे एकत्र राहिले.

मी पाय आपटत घरी आले. बाई पायरीवर वाटाणे सोलत बसल्या होत्या. मी सगळं एका दमात ओकले. त्यांनी तळवा कानावर नेला, भिंतीकडे पाहत सगळं ऐकलं आणि मग त्यांना हसू फुटलं. वाटाणे अंगणभर उडाले. त्या डोळे पुसत म्हणाल्या, "अगं, हे तर माझे व्याही! तेच, पेढं घेऊन कुलपासमोर!"

"हसू नका. रोहिणीची खोली जातेय."

त्या एकदम थांबल्या. "कोन कोनाला काय म्हणालं, सांग."

"सगळ्यांना सगळं सांगितलं होतं!"

"आन् परत कोनी सांगितलं?"

मी खाली वाकून वाटाणे गोळा करू लागले.

"अंगठे टाकले ना? अंगठा म्हंजी मान हलवणं. डॉक्टरवानी." त्या उठल्या. पदर खोचला. घरात त्यांचा जुना फोन अजून होता, वर क्रोशाचं झाकण. ते त्यांनी बाजूला केलं. "नंबर बोल."

पुढचे काही दिवस बाई पुन्हा तरुण झाल्या. संतोषला फोन: "बोला. आपण उद्या काय करणार आहात? असं. आणि विकास काय करणार आहेत? माहीत नाही? थांबा, जोडते." मग मोबाईलवर विकास, एका कानाला हा, दुसऱ्या कानाला तो, आणि मध्ये बाई. विकास अबोल होता, पण बाईंसमोर त्याचा टिकाव लागला नाही. त्याला एक वाक्य बोलून चालत नसे, दुसऱ्याचंही बोलून दाखवावं लागे. पोरं वैतागली. संतोष मला म्हणाला, "ताई, ही बाई हाय का पोलीस स्टेशन?" पण फिरकली पुन्हा सगळी. बाईंना नाही म्हणायची कोणाची छाती नव्हती.

मी वैतागले नाही, चिडले. भांडण मी केलं आणि ते मला बरोबरच वाटतं. "बाई, आमचं तत्त्व आहे, कोणी पुढारी नाही. आता सगळं तुमच्यातून जातंय. विकासला संतोषशी बोलायचं तर तुमच्यातून! ही हुकूमशाही झाली."

बाईंचा चेहरा पडला. "मी हुकूम देते व्हय? मी नुसती जोडते."

"जोडणारी एकच असली की तीच मालकीण होते. तुम्ही नसाल त्या दिवशी काय?"

"मी कुठं चाललेय?" त्या ठसक्यात म्हणाल्या.

पण मग संध्याकाळी चहा जोडला, माझ्यापुढे ठेवला आणि हळूच म्हणाल्या, "तुझं बी खरं हाय. समता म्हंजी सगळ्यांनी बोलायचं, हे तुमाला जमतंय. सगळ्यांना कळायचं, ते बघा आता."

आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा घसा बसला. इतके दिवस दोन्ही कानांवर दोन फोन धरून ओरडल्याचा परिणाम. तोंड उघडलं तर नुसती फुंकर यायची. मी त्यांना त्याच डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी घसा पाहिला आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा उजेड पसरला की मला तो जन्मभर आठवेल.

"बाई, आठवडाभर एक शब्दही बोलायचा नाही. गरम पाणी प्यायचं. फोनला हात लावायचा नाही. आता," ते खुर्चीत रेलले, "मी काय सांगितलं ते सांगा."

बाईंनी तोंड उघडलं, मिटलं, आणि टेबलावरचा पेपरवेट उचलून डॉक्टरांवर उगारला. दोघंही हसत होते. बाईंचं हसणं ऐकू येत नव्हतं इतकंच.

ग्रामसभा तोंडावर आली होती आणि एक्स्चेंज बंद. मला वाटलं, संपलं. गावात गेले तर संतोष आणि विकास भिंतीशी समोरासमोर उभे.

"मी आज पुन्हा भिंत खोदणार. तू काय करणार सांग," विकास म्हणाला. विकास म्हणाला!

"मी भिंतीला हात लावणार न्हाई."

"कुठवर?"

"तू वायर टाकून दिवा लावून दावत न्हाईस तवर."

"परत."

"न्हाई लावणार हात, लेका, आईची आन! आता तू सांग, फळी कुठं येणार?"

तसबिरींचा प्रश्न रोहिणीने सोडवला. प्रत्येक महापुरुषाची एकेक तसबीर भिंतीवर राहील, बाकीच्यांची पाळी लावायची, दर महिन्याला बदलायच्या. ती प्रत्येक देणाऱ्याच्या घरी स्वतः गेली, सांगितलं, आणि त्यांच्याकडून परत वदवून घेतल्याशिवाय उंबरा सोडला नाही. एक घड्याळ ठेवलं, बाकीची शाळेला आणि अंगणवाडीला. कोणी कोणाला हुकूम दिला नाही. कोणी कोणाच्या वर नव्हतं. बाईंचा नियम राहिला होता आणि बाई मध्ये नव्हत्या; माझं तत्त्वही शाबूत होतं. मला नाचावंसं वाटत होतं.

ग्रामसभा त्याच खोलीसमोर भरली. आत दिवा जळत होता, फळीवर पुस्तकं होती, टेबल होतं, खुर्च्या होत्या. सरपंचबाईंनी विचारलं, "खोली मुलींच्या अभ्यासाला द्यायची. मंजूर?" "मंजूर, मंजूर," माणसं उठतच म्हणाली, पँटी झटकत. आपल्याकडे मंजूर म्हणजे घरी जायची परवानगी.

"थांबा," मागून आवाज आला. रोहिणी उभी होती. आवाज ठाम होता. "काय मंजूर झालं, ते कोणीतरी परत सांगा."

सगळी सभा वळली. "तूच सांग की," कोणीतरी म्हणालं.

"मी न्हाई. ज्यांना खोली पायजे हुती त्यांनी."

मंडळाचा अध्यक्ष कोपऱ्यात उभा होता, दंड फुगवून. सगळं गाव त्याच्याकडे पाहू लागलं. त्याने एकदा सरपंचबाईंकडे पाहिलं, एकदा आपल्या बुटांकडे. मग खाकरून म्हणाला, "खोली पोरींच्या अभ्यासाला दिली. आमी ढोल दुसरीकडं ठेवणार." थोडं थांबून, स्वतःहून, "आन् परीक्षेच्या टायमाला हितं वाजवणार न्हाई."

एवढं तर कोणी मागितलंही नव्हतं.

मी तिथूनच बाईंना फोन लावला. पलीकडे फोन उचलला गेला. "बोला" आलं नाही, नखाने रिसीव्हरवर एक टकटक आली. मी सगळं सांगितलं. दिवा, फळी, रोहिणी, अध्यक्षाचे बूट. प्रत्येक गोष्टीला एक टकटक. माझं सांगून संपलं आणि मी थांबले. नियमाप्रमाणे आता त्यांनी परत सांगायचं होतं. पलीकडे नुसता श्वास. फोन मी ठेवू शकत नव्हते, त्या परत सांगू शकत नव्हत्या. आम्ही दोघी अशाच तारेला लटकून राहिलो. मग खट्ट झालं. बाईंनी परत न सांगता फोन ठेवला होता. आयुष्यात पहिल्यांदा. मला फार वाईट वाटलं.

ऊन कलताना गावात रिक्षा शिरली. आतून आधी काठी उतरली, मग एक गुडघा, मग दुसरा, मग गळ्याला मफलर गुंडाळलेल्या बाई. त्या कोणाशी काही बोलल्या नाहीत. काठी दाराशी टेकवून, तळवा कानावर ठेवून सरळ खोलीत गेल्या. आम्ही मागोमाग. त्यांनी बटण दाबून दिवा घालवला, पुन्हा लावला, आणि माझ्याकडे पाहिलं. मग फळीला हात लावला, माझ्याकडे पाहिलं. टेबल. खुर्ची. घड्याळ. विकासच्या वायरीवरून, संतोषच्या चुन्यावरून बोट फिरवलं. शेवटी रोहिणीजवळ आल्या. ती पुस्तक उघडून बसली होती. बाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या परत सांगत होत्या.

"हो बाई," मी म्हणाले, "हेच सांगितलं होतं."

बाईंनी कानावरचा तळवा खाली घेतला, अगदी हलक्या हाताने टेबलावर ठेवला, आणि लाईन सोडली.